सायीच्या रंगाची भांडी: जुन्या इंग्लिश क्रीमवेअरच्या प्रतिकृती घेताना आणि वापरताना

लीड्सला राहायला आल्यावर तिसऱ्या महिन्यात एका चॅरिटी शॉपच्या, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानाच्या खिडकीत मी ती परडी पहिल्यांदा पाहिली. रंग पांढरा नाही, पिवळा नाही. म्हशीचं दूध तापवून रात्रभर ठेवल्यावर वर जी जाड साय येते, तिचा. कडेला सगळीकडे भोकं, काही बदामाच्या आकाराची, काही शंकरपाळ्याच्या. दोन्ही बाजूंना वेणीसारखे पिळलेले कान आणि ते कान जिथे भांड्याला चिकटतात तिथे इवलीशी फुलं-पानं. मी ती उचलली आणि दचकलेच, कारण एवढ्या मोठ्या भांड्याचं वजन काहीच नव्हतं.

त्या दिवशी परडी घेतली नाही. त्यानंतरच्या दोन वर्षांत मात्र बरंच घेतलं आणि बरंच चुकीचं घेतलं. प्रतिकृतीला अस्सलचे पैसे मोजले, अस्सल भांड्यात लोणचं घालायच्या बेतात होते, आणि एक छान ताटली हळदीने कायमची पिवळी केली. इंग्लंडात नव्याने आलेल्या आपल्या लोकांना अशा भांड्यांची भुरळ पडते आणि मग मला फोन येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

माझं मत आधीच सांगते. घरात वापरायला प्रतिकृतीच घ्या, प्रतिकृती म्हणूनच घ्या आणि प्रतिकृतीच्याच भावात घ्या. अस्सल अठराव्या शतकातलं भांडं कपाटात ठेवून बघण्याची वस्तू आहे, पोहे खाण्याची नाही.

१. भांडं काय आहे ते ओळखा

क्रीमवेअर हे पोर्सेलिन नाही. आपण सरसकट ज्याला चिनी माती म्हणतो, त्यातला हा मातीकडे झुकणारा प्रकार. डेव्हन आणि डॉर्सेटकडची फिकट भाजणारी चिकणमाती, तिच्यात भाजून दळलेली फ्लिंट, म्हणजे चकमकीचा दगड, आणि वरून शिशाची पारदर्शक झिलई. फ्लिंट भाजली की पांढरी आणि ठिसूळ होते. ती मातीत मिसळल्याने भांडं फिकट आणि टणक होतं, आणि पातळ घडवता येतं. उरलेला पिवळेपणा माती आणि झिलईतल्या किंचित लोहाचा. त्यातून हा सायीचा रंग.

हे तंत्र स्टॅफर्डशायरमध्ये १७४०च्या दशकात आकाराला आलं. जोसाया वेजवुडने १७६०च्या दशकात ते इतकं सुधारलं की १७६५ साली शार्लट राणीने त्याच्याकडून चहाचा सेट करवून घेतला. पुढच्याच वर्षी त्याला राणीचा कुंभार अशी पदवी मिळाली आणि त्याने आपल्या मालाचं नाव ठेवलं क्वीन्सवेअर. तेव्हा दुकानदार 'हे क्रीमवेअर नाही हो, क्वीन्सवेअर आहे' म्हणून जास्त पैसे मागू लागला तर हसून सोडून द्या. माल एकच, नाव वेजवुडने दिलेलं आणि नंतर इतरांनीही उचललेलं. रशियाच्या कॅथरीन सम्राज्ञीने १७७३–७४ मध्ये याच मालाचा ९५२ नगांचा सेट मागवला होता. त्यावर ब्रिटनमधली १२२२ दृश्यं हाताने रंगवलेली आणि प्रत्येक नगावर एक हिरवा बेडूक, कारण ज्या महालासाठी तो होता ती जागाच बेडकांच्या दलदलीची. तो सेट आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे.

खिडकीतल्या त्या परडीचं कूळ मात्र वेजवुडचं नव्हे, लीड्सचं. शहराच्या दक्षिणेला हन्स्लेटमध्ये १७७०च्या सुमारास लीड्स पॉटरी सुरू झाली. हार्टली, ग्रीन्स आणि कंपनी असं मालकांचं नाव. भोकांची जाळी, पिळलेले दुहेरी कान आणि कानांच्या टोकांना फुलं-पानं ही या कारखान्याची ओळख, जरी दुसरेही तसं करत होते. १७८३ साली त्यांनी मालाच्या चित्रांचं एक नमुनापुस्तक छापलं, इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि जर्मन वर्णनांसह, कारण माल युरोपभर जायचा. हे पुस्तक लक्षात ठेवा. प्रतिकृतींचा सगळा धंदा त्याच्यावर उभा आहे. आकार कागदावर उतरलेले होते, त्यामुळे कारखाना बंद पडल्यावरही ते पुन्हा घडवता आले.

२. कोणत्या जातीची प्रतिकृती ते ठरवा

सुरुवातीला माझा समज होता की जगात दोनच गोष्टी असतात, अस्सल आणि नक्कल. तसं नाही. बाजारात तुम्हाला निदान चार प्रकार भेटतील.

पहिला, जुन्या प्रतिकृती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला लीड्समध्येच स्ली नावाच्या व्यापाऱ्याने आणि सीनियर नावाच्या कुंभार घराण्याने जुन्या नमुन्यांवरून क्रीमवेअर पुन्हा करायला सुरुवात केली. विसाव्या शतकात बराच काळ ते चाललं. आणि त्यावर ठसा काय, तर 'लीड्स पॉटरी'. म्हणजे जुन्या कारखान्याचाच. यातली कित्येक भांडी आता स्वतःच शंभरी पार केलेली आहेत, त्यांवर वापराच्या खऱ्या खुणा आहेत. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे, आणि मीही इथेच फसले.

दुसरा, जे कधी थांबलंच नाही ते. वेजवुडने क्वीन्सवेअर विसाव्या शतकातही करत ठेवलं. काठावर उभ्या रेघांची एड्मी नावाची घडण आहे, ती चॅरिटी शॉपमध्ये सुट्या ताटल्यांच्या ढिगात सापडते. हिला प्रतिकृती म्हणणंही तितकंसं बरोबर नाही, एका घराण्याची पुढची पिढी म्हणा. रोजच्या वापराला माझी पहिली शिफारस हीच, फक्त दुसऱ्या महायुद्धानंतरची.

तिसरा, आधुनिक प्रतिकृती. हार्टली ग्रीन्स हे जुनं नाव पुन्हा घेऊन लीड्सच्या नमुन्यांवर केलेला माल यात येतो. अमेरिकेतली मोटाहेडे ही कंपनी संग्रहालयांतल्या वस्तूंच्या प्रतिकृतींसाठी ओळखली जाते, तिचं क्रीमवेअरही जुन्या बाजारात दिसतं. चांगल्या आधुनिक प्रतिकृतीत भोकं अजूनही हातानेच पाडतात, भांडं अर्धवट सुकून चामड्यासारखं झालेलं असताना, एकेक. किंमत का चढी असते ते एका परडीची भोकं मोजलीत की कळेल.

चौथा, नुसता रंग क्रीम. सुपरमार्केटातली जाड, जड, काठाला साच्यातलीच भोकं असलेली भांडी. वाईट नाहीत, माझ्याकडेही आहेत, पण त्यांना क्रीमवेअरचा भाव देऊ नका.

३. कशासाठी हवं ते आधी ठरवा

हा टप्पा लोक गाळतात. दिवाळीच्या फराळाला म्हणून मी हौसेने जाळीची मोठी ताटली घेतली. चकल्या राहिल्या, शंकरपाळे राहिले, चिवडा वाढला तर शेव आणि पोहे भोकांतून थेट टेबलक्लॉथवर. जाळीची भांडी मुळात फळांसाठी आणि उकडलेल्या चेस्टनटसाठी, आपल्या शिंगाड्यासारखं जे फळ असतं त्यासाठी. वाफ निघून जावी म्हणून भोकं. पाहुण्यांपुढे हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

रोज जेवायला साध्या काठाची ताटली घ्या, पिसासारख्या किंवा शिंपल्यासारख्या काठाचीही चालेल. फळं, संत्री, लसणीच्या गड्ड्या ठेवायला जाळीची परडी उत्तम. भिंतीवर टांगायला जाळीची ताटली घ्या, मागे गडद रंगाची भिंत असेल तर नक्षी उठून दिसते. पाच बोटांसारख्या पाच नळ्या असलेली एक फुलदाणी या घराण्यात आहे, तिच्यात झेंडूची पाच फुलं घालून बघा. माझ्या घरी दसऱ्याला ती असतेच.

४. पिशवीत काय असावं

- मोबाइलची बॅटरी चालेल, पण वेगळी छोटी टॉर्च जास्त कामाची
- दहा पट मोठं दाखवणारं भिंग, घड्याळजी वापरतात तसलं
- अतिनील प्रकाशाची स्वस्त टॉर्च, दुरुस्ती पकडायला
- मोजपट्टी, आणि घरच्या कपाटाची खोली किती ते लिहिलेली चिठ्ठी
- मऊ फडकं
- आधी पाहिलेल्या अस्सल नगांचे, विशेषतः बुडाचे फोटो

आणि कागदपत्रं: बिल किंवा पावती, ऑनलाइन असेल तर विक्रेत्याच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट (तो नंतर बदलता येतो), लिलावातून घेतलं तर त्यांनी लेखी दिलेला स्थितीचा अहवाल. हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवायची सवय लावा. का, ते शेवटच्या टप्प्यात येईल.

५. डोळा तयार करा

पैसे घालण्याआधी दोन शनिवार संग्रहालयात घाला. लीड्सच्या बाहेर टेम्पल न्यूसम नावाची जुनी हवेली आहे, तिथे लीड्स क्रीमवेअरचा मोठा संग्रह आहे. स्टोक-ऑन-ट्रेंटजवळ बार्लस्टनला वेजवुडचा संग्रह आहे. २०१४ साली तो लिलावात विखुरला जाण्याची वेळ आली होती, लोकांनी वर्गणी काढून वाचवला आणि आता तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या ताब्यात आहे. हॅन्लीच्या पॉटरीज म्युझियममध्ये स्टॅफर्डशायरच्या बाकीच्या कुंभारांचा माल बघायला मिळतो.

तिथे दोनच गोष्टी बघा. एक, रंगातला फरक: सुरुवातीचा माल गडद पिवळट, जवळजवळ तुपासारखा, आणि पुढे पुढे फिकट होत गेलेला. दोन, बूड आणि सांधे. काचेच्या कपाटात बूड दिसत नाही, पण काही ठिकाणी खाली आरसा ठेवलेला असतो. झिलई जिथे साचते, म्हणजे बुडाच्या कडीच्या आतल्या कोपऱ्यात किंवा कानाच्या मुळाशी, तिथे ती पिवळसर-हिरवट दिसते. तो रंग एकदा डोळ्यात बसला की नुसत्या फोटोवरूनही शंका यायला लागतात.

६. हातात घेतल्यावर

आधी विचारा, मगच उचला. झाकण असेल तर ते आधी काढून बाजूला ठेवा. कानाला धरून कधीही उचलू नका, तळहात बुडाखाली हवा. हे शिष्टाचार नाहीत, पैसे वाचवायचे उपाय आहेत. पिळलेले कान जुन्या दुरुस्तीवर नुसते टेकलेले असू शकतात.

वजन. आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे. हातात घेतल्यावर 'अरे!' झालं नाही तर बहुधा ते चौथ्या प्रकारातलं.

उजेड. टॉर्च मागे धरा. बोन चायनामधून बोटाची सावली दिसते, क्रीमवेअरमधून दिसत नाही.

आवाज. कडेवर नखाने हलकी टिचकी मारा. पोर्सेलिनसारखी घंटा वाजणार नाही, पण स्वच्छ टण् यायला हवा. बाजारात मडकं घेताना आपली आजी वाजवून बघायची, तेच. आवाज फुटका, बसका आला तर कुठेतरी चीर आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो.

भोकं. भिंगातून आतली कड बघा. हाताने पाडलेल्या भोकांची कड जराशी धारदार असते आणि रांगेत एखादं भोक किंचित तिरकं जातं. साच्यात ओतलेली भोकं गोलसर, गुळगुळीत आणि सगळी जुळी भावंडं. मात्र यावरून वय कळत नाही, कारागिरी कळते. चांगल्या आधुनिक प्रतिकृतीलाही हाताचीच भोकं असतात, हे मी वर सांगितलंच.

आतली बाजू. बाहेर उठावाची नक्षी असेल तर आत बोट फिरवा. पातळ चिखल साच्यात ओतून केलेल्या भांड्यात बाहेरच्या उंचवट्यामागे आत खळगा लागतो. माती हाताने साच्यात दाबून केलेल्या भांड्यात आत सपाट लागतं, कधी बोटांचे ठसेही. प्रतिकृतींमध्ये ओतकाम जास्त. पण ओतकाम अठराव्या शतकातही होतंच, तेव्हा एवढ्यावरच निकाल देऊ नका.

झिज. खऱ्या वापराने बुडाची कड सगळीकडे सारखी झिजत नाही, आणि ताटलीवरचे सुरीचे चरे वेड्यावाकड्या दिशांना असतात. चरे एकाच दिशेने, शाळेच्या वहीतल्या रेघांसारखे दिसले तर कुणीतरी पॉलिशपेपर घासलेला आहे.

दुरुस्ती. अतिनील टॉर्च अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन फिरवा. नंतर भरलेला किंवा रंगवलेला भाग बाकीच्या झिलईपेक्षा वेगळा चमकतो. बोटालाही तो जरा उबदार आणि चिकट लागतो. खरी झिलई काचेसारखी थंड.

झिलईवर बारीक भेगांचं जाळं असेल तर घाबरू नका, पण ते म्हातारपणाचं प्रमाणपत्रही समजू नका. झिलई आणि खालची माती सारख्या प्रमाणात आकसत नाहीत म्हणून ते येतं, आणि चाळीस वर्षांच्या भांड्यालाही येऊ शकतं. फक्त एवढं लक्षात घ्या की अशा भांड्यात रोजचं जेवण वाढायचं नाही.

७. ठसा वाचा, पण त्याच्यावर विसंबू नका

आता माझी गोष्ट. एका ऑनलाइन विक्रेत्याने जाळीच्या ताटलीखाली 'अठरावं शतक, लीड्स' असं लिहिलं होतं. बुडाचा फोटो होता आणि त्यात 'लीड्स पॉटरी' असा मातीत दाबलेला ठसा स्पष्ट. मला वाटलं, आता आणखी काय पुरावा हवा? नवऱ्याला न सांगता पैसे भरले. पुढे एका अँटिक बाजारात एका म्हाताऱ्या विक्रेत्याला ती मोठ्या अभिमानाने दाखवली. त्याने ती उलटी केली, नखाने झिलई चाचपली, परत सुलटी करून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, 'सुंदर आहे. माझ्या आजोबांच्या वयाची असेल.' एवढंच. घरी येईपर्यंत मी त्याच्या आजोबांचं वय मोजत होते.

तर ठशांबद्दल हे पाठ करा. अठराव्या शतकातल्या बहुतेक क्रीमवेअरवर ठसाच नसतो. त्यामुळे ठसा नाही म्हणून खोटं नाही आणि ठसा आहे म्हणून खरं नाही. 'इंग्लंड' हा शब्द दिसला तर माल साधारण १८९१ नंतरचा, कारण त्या वर्षीपासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालावं लागू लागलं. 'मेड इन इंग्लंड' असेल तर विसाव्या शतकातला धरा. वेजवुडवर 'एट्रुरिया आणि बार्लस्टन' अशी दोन्ही नावं असतील तर तो १९४० नंतरचा, कारण कारखाना तेव्हा एट्रुरियाहून बार्लस्टनला गेला.

आणि वेजवुडचं स्पेलिंग. त्यात 'जी' या अक्षरानंतर 'ई' नाही. जुन्या काळी दुसऱ्या एका कुंभाराने मुद्दाम मध्ये ई घालून ठसा मारला होता, आणि 'वेजवुड अँड कंपनी' हे तर वेगळ्याच लोकांचं नाव. दुकानात मी अजूनही अक्षरं बोटाने एकेक मोजते.

८. कुठून घ्यावं

चॅरिटी शॉपमध्ये नशीब लागतं. क्वीन्सवेअरच्या सुट्या ताटल्या तिथे अगदी स्वस्त मिळतात. सेट जुळवायचा नाद सोडा. वेगवेगळ्या काळाच्या सहा ताटल्या एकत्र टेबलावर जास्त छान दिसतात, रंग जरा मागेपुढे असला तरी.

स्थानिक लिलावात भाव चांगला मिळतो, पण बोली संपली म्हणजे हिशेब संपला असं समजू नका. वर खरेदीदाराला लिलावगृहाचं शुल्क द्यावं लागतं, साधारण २० ते ३० टक्के, आणि त्या शुल्कावर कर. १०० पौंडांची बोली घरी पोचेपर्यंत १३०च्या आसपास जाते. यादीत वस्तूपुढे 'ए/एफ' ही दोन अक्षरं दिसली तर अर्थ एवढाच: जशी आहे तशी, दोषांसकट, नंतर बोलायचं नाही. 'लीड्स टाइप', 'लीड्सच्या धर्तीचं', 'जॉर्जियन स्टाइल' हे सगळे शब्द म्हणजे विक्रेता स्वतःच सांगतोय की हे ते नाही. मी त्याच्यावर चिडत नाही, उलट अशा वर्णनाचा माल शांतपणे घेते, कारण भावही प्रतिकृतीचा असतो.

ऑनलाइन घेताना बुडाचा, कानांच्या मुळांचा आणि कडेचा फोटो मागा. कडेवरचे टवके सरळ फोटोत दिसत नाहीत, तिरक्या उजेडात काढायला सांगा. इंग्लंडात धंदा म्हणून विकणाऱ्याकडून ऑनलाइन घेतलं तर साधारणपणे माल हातात आल्यापासून १४ दिवसांत परत करायचा हक्क असतो. घरातली अडगळ विकणाऱ्या खासगी माणसाकडून घेतलं तर तो हक्क नाही. विक्रेता कोणत्या प्रकारातला आहे ते पैसे भरायच्या आधी बघा. मी नंतर बघितलं होतं.

९. शिसं: इथे घाई नको

जुन्या क्रीमवेअरची झिलई शिशाची असते. त्या काळी झिलईत भांडी बुचकळणारे कामगार या शिशाने आजारी पडत. भांडं कपाटात असेल तर तुम्हाला काही होत नाही. पण आंबट पदार्थ झिलईतलं शिसं ओढून घेतात, आणि आपलं जेवण बघा: लोणचं, चिंचेची आमटी, सोलकढी, ताक, दही, टोमॅटोचं सार. इंग्लिश माणूस ताटलीत बिस्किट ठेवतो. आपण कैरीचं लोणचं बरणीभर घालून वर्षभर मुरवतो.

सासूबाई इकडे आल्या होत्या तेव्हा माझ्या कपाटातली झाकणाची एक जुनी गोल बरणी त्यांना फारच आवडली. 'अगं, लिंबाच्या लोणच्याला काय मापाची आहे!' फोडी करून, मीठ लावून तयार. मी ऑफिसातून आले तर त्या बरणी पुसत होत्या. दहा मिनिटं उशीर झाला असता तर संपलं होतं. लोणचं शेवटी काचेच्या बरणीत गेलं आणि त्या दोन दिवस माझ्याशी जरा तुटक बोलल्या.

नियम साधा ठेवा. दुसऱ्या महायुद्धाआधीचं काहीही, मग ते अस्सल असो की जुनी प्रतिकृती, खाण्याला वापरायचं नाही. ज्याचं वय ठरवता येत नाही तेही नाही. फार तर त्यात साल असलेली फळं किंवा कागदात गुंडाळलेली मिठाई. नवी प्रतिकृती घेताना ती खाण्यासाठी सुरक्षित आहे असं उत्पादकाने लिहिलंय का ते बघा. काही नग फक्त शोभेचे म्हणून विकतात. बाजारात रंग बदलणाऱ्या चाचणीकाड्या मिळतात. काडी लाल झाली तर भांडं बाजूला ठेवा, पण काडी कोरी राहिली म्हणून निर्धास्त होऊ नका.

१०. घरात आल्यावर

नव्या प्रतिकृतीवर मागे डिशवॉशरची परवानगी असेल तर घाला. मी तरीही हातानेच धुते. जाळीच्या ताटल्या डिशवॉशरच्या दांड्यांत अडकतात आणि निघताना नेमका एखादा पूल तुटतो, दोन भोकांमधली ती नाजूक पट्टी.

जुनं भांडं पाण्यात भिजत ठेवू नका. झिलईखालची माती पाणी पिते. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, सिंकमध्ये खाली टॉवेल, एका वेळी एकच नग, आणि मग दिवसभर वाळू द्या. मायक्रोवेव्ह नको, प्यालेलं पाणी आत तापतं. चहाची किटली असेल तर उकळतं पाणी एकदम ओतू नका. आधी कोमट पाण्याने विसळून घ्या. इंग्लिश लोक किटली आधी गरम करतात ते उगीच नाही.

हळद. भेगांचं जाळं असलेल्या ताटलीत मी एकदा बटाट्याची भाजी वाढली. दुसऱ्या दिवशी ताटलीवर पिवळ्या रेषांचा नकाशा उमटला, आठवड्याच्या आत तो झिलईखाली पसरला आणि आज ती ताटली कुंडीखाली आहे. ब्लीच लावून डाग जाईल असं वाटेल. लावू नका. ते भेगांतून आत शिरतं, आत क्षार जमतात आणि काही महिन्यांनी झिलईच पापुद्र्यासारखी सुटायला लागते.

रचून ठेवताना दोन ताटल्यांमध्ये जुन्या कॉटनच्या साडीचा चौकोनी तुकडा ठेवा. फेल्टपेक्षा बरा पडतो, धुताही येतो. भिंतीवर टांगायला तारेचा स्प्रिंगवाला हँगर वापरायचा तर आकड्यांवर प्लास्टिकचं आवरण असलेलाच घ्या, आणि ताटलीपेक्षा एक माप लहान घेऊन ताणून बसवू नका. टवके तिथेच उडतात.

११. भारतात न्यायचं असेल तर

सामानाच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेत घ्या. प्रत्येक नग आधी कोऱ्या पांढऱ्या कागदात गुंडाळा, मग बबलरॅपमध्ये. वर्तमानपत्र थेट लावू नका, छपाईची शाई भेगांत बसते. परडीच्या आतली पोकळी मोज्यांनी भरा, आणि कानांच्या खाली आधार राहील असं बघा. ताटल्या आडव्या नव्हे, उभ्या ठेवा, कपाटात पुस्तकं ठेवतो तशा.

पावती हाताशी ठेवा. भारतात उतरल्यावर शुल्कमुक्त सामानाची मर्यादा त्या वेळी किती आहे ते निघण्याआधी बघून घ्या, आणि त्यावर असेल तर सरळ जाहीर करा. प्रतिकृतीची पावती 'प्रतिकृती' म्हणूनच लिहून घ्या. हौसेने 'अँटिक' लिहिलेली पावती तिथे तुमच्याच गळ्यात येते.

उलट दिशेची अडचण अनेकांना ठाऊक नसते. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, जुनी इंग्लिश भांडी अजून मिळतात आणि सुट्टीवर गेलेले आपले लोक ती इकडे आणू बघतात. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला भारताबाहेर नेता येत नाही, मग ती मुळात घडलेली इंग्लंडात का असेना. वस्तू तेवढी जुनी नसली तरी जुनी दिसत असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला आधीच घ्या. विमानतळावर रात्री दोन वाजता परडी उलटी करून 'हे बघा, मेड इन इंग्लंड लिहिलंय, म्हणजे विसाव्या शतकातली' हे समजावणं फार जड जातं. माझ्या मैत्रिणीने ते केलंय. परडी आता तिच्या आईकडे डोंबिवलीला आहे, तिच्यात कांदे असतात.